मेश्रामसाहेबांचा शेवट

"शेवट एकदम भिकार आहे," रविंद्र माझ्या तोंडावर म्हणाला, आणि मला गप्प बसावं लागलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना, तो हा. कारण तो शेवट लेखकाचा नव्हताच. माझा होता, आणि रचून जेमतेम पाच मिनिटं झाली होती.

थांबा, नीट सांगते. मी चारुलता. नोकरीची सगळी वर्षं मी बसस्टँडवर अनाउन्सर होते. "उमरेडकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागत आहे" हे ज्यांनी ऐकलं, त्यांनी मला ऐकलं. त्यामुळे शुद्ध बोलता येतं. राग आला की मात्र शुद्ध-बिद्ध सगळं पळून जातं आणि माहेरची नागपुरी निघते. आणि राग मला येतो, भल्ला येतो. आता रिटायर होऊन आम्ही दोघं नवरा-बायको नागपूरच्या कडेला, बेसाला, एका अपार्टमेंटमध्ये राहतो. तिथंच आम्हा चौघा शेजाऱ्यांचं इन्स्पेक्टर मेश्रामांचं वेड जुळलं.

इन्स्पेक्टर मेश्रामांची आजवर त्रेचाळीस पुस्तकं झाली. पहिल्या पुस्तकात ते नवेकोरे फौजदार होते, आता रिटायरमेंटला आलेत. गुडघा दुखतो, बढती मिळत नाही, आई म्हातारी आहे आणि रोज फोन करून "जेवला का बाबू" विचारते. घरच्या माणसाचं जितकं माहीत नसतं तितकं आम्हाला मेश्रामांचं माहीत आहे.

आम्ही चौघं मिळून एकच प्रत घेतो. कंजूष म्हणा हवं तर. गणपतरावांचा जन्म वाडीच्या ट्रान्सपोर्ट गोदामात गेला. ते प्रत आणतात आणि आणल्याबरोबर शेवटचं प्रकरण, न बघता, पोती शिवायच्या दाभणानं कडेकडेनं शिवून टाकतात. मग पुस्तक फिरतं. आधी गणपतराव, मग विमा एजंट रविंद्र, मग कुसुमताई, शेवटी मी. सगळ्यांचं झालं की रविवारी दुपारी खालच्या हॉलमध्ये जमायचं, खुनी कोण ते प्रत्येकानं सांगायचं, आणि मग मी दोरा कापून शेवटचं प्रकरण मोठ्यानं वाचायचं. अंदाज चुकलेल्यांनी समोसे आणायचे. नंतर मतं. ती रविंद्र मोबाईलवर टाइप करतो आणि मेश्रामांच्या वाचकांचा जो मोठा ग्रुप आहे त्यावर टाकतो. तोवर ग्रुप उघडायचा नाही, असा आमचा कडक नियम. ग्रुपवर खुद्द लेखक आहेत. एकदा त्यांनी "बेसाकरांचं मत आलं का?" असं विचारलं होतं. त्या एका वाक्यावर रविंद्र अजून जगून राहिला आहे.

आता कुसुमताई. त्या शाळेत गणित शिकवायच्या. माझ्याहून मोठ्या, मोजकं बोलणाऱ्या, खुनी ओळखण्यात आमच्यात सगळ्यात पक्क्या. त्यांचा एकुलता एक प्रशिक पोलीस खात्यात फौजदार झाला आणि पोस्टिंग मिळालं गडचिरोलीला, पार आतल्या भागात. सून मोनाली इथंच, त्यांच्याजवळ. प्रशिकचं कोणी विचारलं की ताई एकच सांगतात, "मजेत आहे." आता तिकडं पहिल्यासारखं राहिलं नाही, शांत झालं, असं सगळे म्हणतात. म्हणणाऱ्यांचं काय जातं बाप्पा, ते आपल्या घरच्या सोफ्यावर बसून म्हणतात.

आणि या वेळचं पुस्तक, 'पुलाखालचा साक्षीदार', नेमकं गडचिरोलीच्या जंगलात घडणारं. मेश्राम एका लाकूड ठेकेदाराच्या खुनाचा तपास करायला तिकडं जातात. वाचताना मला सारखा प्रशिक आठवत होता. पण ताईंनी माझ्या आधी वाचलेलं, आणि हातात देताना एवढंच म्हणाल्या होत्या, "बरं आहे." मग मीही सोडून दिलं.

त्या रविवारी मी दोरा कापला आणि वाचायला लागले. खुनी निघाला ठेकेदाराचा मेहुणा. रविंद्रचा अंदाज बरोबर आला, त्यानं उभं राहून स्वतःसाठीच टाळ्या वाजवल्या. गणपतरावांनी समोशांसाठी खिसा चाचपला. दोन पानं उरली होती. खुनी तर सापडला, मग दोन पानं कशाची, असं माझ्या मनात येतच होतं.

अनाउन्सरची एक सवय असते. तोंड एका ओळीवर, डोळे दोन ओळी पुढं. गाडी रद्द झाली असेल तर तोंडाच्या आधी डोळ्यांना कळायला हवं. तर तोंडानं मी वाचत होते, "मेश्रामांची जीप पुलावर आली," आणि डोळ्यांना पुढचं दिसलं. सुरुंग. जीपचं काय झालं ते. आणि त्याच्याखाली, मेश्रामांच्या आईला फोन कोणी करायचा यावरून ठाण्यात माणसं एकमेकांची तोंडं बघत उभी राहिली, ते.

कुसुमताई माझ्या समोरच्याच खुर्चीत होत्या. मांडीवर हात, डोळे माझ्याकडे.

"...आणि पंक्चर झाली," मी वाचलं.

म्हणजे वाचलं कुठलं, बोलले. पुढं आपोआप बोलत गेले. ड्रायव्हरनं टायर बदललं. तोवर मेश्राम टपरीवर बसले, त्यांनी चहा घेतला, आईला फोन लावला, "जेवलो" म्हणाले, आणि जीप नागपूरच्या रस्त्याला लागली. समाप्त. पुस्तक मी फाटकन मिटलं आणि काखेत मारलं.

"पंक्चर?" रविंद्र म्हणाला. "त्रेचाळीस पुस्तकं लिहून शेवटी पंक्चर? वहिनी, याले काय अर्थ आहे?"

"अन् चहा कसा होता तेही नाही सांगितलं," गणपतराव म्हणाले. "आधीच्या पुस्तकांत मेश्राम चहाले नावं ठेवल्याशिवाय कप खाली ठेवत नव्हते. लेखक म्हातारा झाला गा."

"लेखक म्हातारा नाही झाला, आळशी झाला," रविंद्र म्हणाला आणि मग ते भिकारवालं वाक्य बोलला. माझ्या जिभेवर आलं होतं, "तू लिहून दाखव ना मग उभ्या उभ्या!" पण गिळलं.

"ताई, तुमचं मत?" त्यानं विचारलं.

कुसुमताईंनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. "ठीक आहे," म्हणाल्या, आणि समोसे यायच्या आधीच उठून गेल्या. मला वाटलं, सुटल्या बिचाऱ्या. मेश्राम वाचले, त्यांनाही हायसं वाटलं असेल. मी स्वतःवर खूश होते, काय सांगू.

खुशी लिफ्टपर्यंत टिकली. मेश्रामांची सगळी पुस्तकं ताईंच्याच कपाटात राहतात, हे मला लिफ्टमध्ये आठवलं. हे पुस्तकही उद्या तिथंच जाणार. आणि ग्रुप! रविंद्र मत टाकणार. ग्रुपवर हजारभर लोक, त्या सगळ्यांनी खरा शेवट वाचलेला. आणि कुसुमताईही त्याच ग्रुपवर.

मी घरी न जाता तशीच रविंद्रच्या दारात उभी राहिले. बेल दाबली ती सोडलीच नाही.

दार उघडलं तेव्हा त्याचा चेहरा पाहण्यासारखा होता. "वहिनी, हे पहा, लोक मले येडा समजून राहिले!" त्यानं मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. त्यानं टाकलं होतं, 'पंक्चरचा शेवट पटला नाही. बेसाकर नाराज.' आणि त्याखाली उत्तरांचा पाऊस पडत होता. 'कोणतं पंक्चर?' 'साहेब, तुम्हाले नकली प्रत भेटली.' 'इथं आम्ही सुतकात बसलो आहोत आणि यांचं काय चाललंय!' वर सरकवलं तर काय काय होतं. एका बाईनं लिहिलं होतं, 'आज आमच्या घरी स्वयंपाक झाला नाही.' कोणी लिहिलं होतं, 'माझे बाबा मेश्राम वाचत वाचत गेले. बरं झालं, हे वाचायला राहिले नाहीत.' कोणी लेखकाला शिव्या घातल्या होत्या, कोणी म्हणत होतं की याहून मोठा शेवट मराठीत झाला नाही. आणि सगळ्यात खाली खुद्द लेखक: 'बेसाकर, पंक्चर कुठून आलं?'

"कुठून आलं?" रविंद्रनं मला विचारलं.

मी काखेतलं पुस्तक काढून दिलं. तो उभ्याउभ्याच वाचत गेला. मग त्यानं पुस्तक मिटलं आणि नाक ओढलं.

"लेखक ग्रेट माणूस आहे," म्हणाला. "तुमचा शेवट खरंच भिकार होता, वहिनी."

"अरे तुले शेवटाची पडली आहे का! समोर कोण बसलं होतं ते पाह्य ना!" माझी शुद्ध भाषा तिथंच संपली. "तिच्या तोंडासमोर मी काय वाचायचं होतं? सुरुंग? त्या आईले फोन कोण करते ते? तू वाचून दाखवलं असतं का?"

तो खाली बसला. "नाही," म्हणाला. "नसतं जमलं." त्यानं आपलं मत ग्रुपवरून काढून टाकलं. पण बाकीच्यांची मतं कशी काढणार? ती येतच होती, दर मिनिटाला एक.

त्यानंतरचं मला विचारू नका. जीव थाऱ्यावर नव्हता. पुस्तक घरात ठेवावं तर वाटे, मोनाली सहज येऊन ताईंच्या कपाटासाठी मागून नेईल. म्हणून ते कापडी पिशवीत घातलं आणि पिशवी खांद्यावर. भाजी आणायला पिशवी, गच्चीवर कपडे वाळत घालायला पिशवी. लिफ्ट सोडून जिन्यानं जायला लागले, कारण लिफ्टमध्ये ताई भेटल्या तर? मोबाईल उघडायचा, ग्रुपवर ताईंनी काही वाचलं का ते शोधायचं, काही कळत नाही म्हणून मिटायचा, परत उघडायचा. पोळी करपली. दुसरीही करपली.

"अवं, पुस्तक आहे ते," आमचे हे म्हणाले. "पानं फाडून टाक अन् मोकळी हो."

"अन् ग्रुपचं काय करू? हजार लोकांचे मोबाईल फोडू?"

"मग जाऊन सांगून दे."

"काय सांगू? तुमच्या लेकासारखा माणूस तुमच्या लेकाच्या जंगलात मेला, असं सांगू?"

यांनी करपलेली पोळी तशीच खाल्ली. मला ओरडल्याचंही वाईट वाटलं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत.

सोमवारी दुपारी ताईंचाच फोन आला. "चारू, घरी ये. पुस्तक घेऊन ये."

गेले. पर्याय काय होता? दारात चप्पल काढतानाच ठरवलं की खोटं बोलायचं. ताई स्वयंपाकघरात जमिनीवर बसून सांबार निवडत होत्या. सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं, मोनालीचं ऑफिसचं काम तिथंच चालतं.

"पुस्तक?" ताई म्हणाल्या.

"ते... त्याच्यावर पाणी सांडलं, ताई. वाळत घातलंय."

"मग पिशवीत काय आहे? कालपासून लेकरासारखी काखेत घेऊन हिंडून राहिली."

मी पिशवी पाठीमागं सरकवली. त्यांनी एक काडी मोडली, पानं बाजूला केली.

"मेश्रामले काहून वाचवलं वं?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि मी त्यांच्या समोर धपकन बसले. "तुम्ही ग्रुप पाहिला?"

"ग्रुप कशाले? मी आधीच वाचलं होतं. गणपतरावाचा टाका म्हणजे पोत्याचा टाका, एक टोक ओढलं का सगळा निघते. उसवला, वाचलं, अन् त्याच भोकांतून परत ओवला. प्रशिक तिकडं गेल्यापासून मी शेवट पाहिल्याशिवाय कोणतंच पुस्तक वाचत नाही."

"अन् तरी रविवारी आल्या? माहीत असून समोर बसल्या? काहून?"

"रडाले आली होती," त्या म्हणाल्या.

त्यांचा आवाज अगदी साधा होता, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसा.

"इथं घरी रडता येत नाही, चारू. माझं तोंड उतरलं का मोनाली पाहते. तिचं उतरलं का मी पाहते. दोघी दिवसभर हसून राहतो. आमच्या घरी शकुन-अपशकुन कोणी मानत नाही, मी नाही मानत, शाळेत पोरांले जन्मभर हेच शिकवलं. पण जित्याजागत्या लेकाच्या नावानं डोळ्यांतून पाणी काढायची हिंमत होत नाही. डोळे भरून आले का मी कांदा चिरायले घेते. किती कांदे चिरावे माणसानं? मग हे पुस्तक वाचलं. म्हटलं, चला, मेश्रामच्या नावानं रडून घेऊ. चारचौघांत रडू. लोक म्हणतील, बाई येडी आहे, पुस्तकासाठी रडून राहिली. म्हणू दे. दोन रुमाल घेऊन आली होती मी. रविवारची वाट पाहून राहिली होती." त्यांनी जुडी खाली ठेवली. "अन् तू तिथं पंक्चर काढत बसली."

मला इतकी लाज वाटली की वर बघवेना. त्यांना वाचवायला निघाले होते मी! त्यांना विचारलं नाही, सवरलं नाही. कोणाला काय झेपतं ते मीच ठरवून टाकलं, आणि वर खूश झाले. मला माझाच राग आला, नेहमीच्या रागापेक्षा वाईट.

"आता वाचू?" मी विचारलं.

त्यांनी पदराला हात पुसले. "वाच. अन् जसं लिहिलं तसंच वाच."

मी पुस्तक काढलं. शेवटची दोन पानं वाचली, बसस्टँडवर वाचायचे त्या आवाजात, स्पष्ट, एकही शब्द न गाळता. जीप. पूल. सुरुंग. ठाण्यातली माणसं. फोन कोणी करायचा. शेवटी एक हवालदार उठतो आणि नंबर फिरवतो, आणि पलीकडून म्हातारी, तो बोलायच्या आधीच, विचारते, "जेवला का बाबू?"

कुसुमताईंनी तोंडावर हात घेतला, पण आवाज हाताच्या बाहेर आला. कधीचा तो आत होता, देव जाणे. त्या पुढंमागं हलत होत्या आणि रडत होत्या, आणि म्हणत होत्या, "अरे मेश्राम, अरे बाबू, असा काहून गेला रे." माझ्याही डोळ्यांना धार लागली. मी पुसली नाही.

आतलं दार धाडकन उघडलं. मोनाली उभी होती, कानाला ऑफिसचा हेडफोन तसाच, चेहरा पांढराफटक.

"आई! काय झालं? फोन आला का? कोणाचा आला?"

"नाही वं, नाही," ताई रडतारडताच म्हणाल्या. "फोन नाही. काही नाही झालं. मेश्राम गेला. पुस्तकातला."

मोनालीनं भिंतीला हात लावला. क्षणभर वाटलं, आता ही चिडणार, आणि चिडायला हवंच होतं. तिनं माझ्या हातातलं पुस्तक पाहिलं, सासूचं ओलं तोंड पाहिलं. हेडफोन काढून ओट्यावर ठेवला. मग सांबाराच्या पसाऱ्यातच सासूला चिकटून खाली बसली.

"काकू," म्हणाली, "परत वाचा ना."

मी पान उलटलं आणि जीपपासून परत वाचायला लागले. पूल यायच्या आधीच ती ताईंच्या मांडीत डोकं घालून हुंदके द्यायला लागली होती, आणि ताई तिच्या केसांवरून हात फिरवत होत्या, आणि दोघी मेश्रामांसाठी पोटभर रडत होत्या. मोनालीनं त्या मालिकेतलं एकही पुस्तक कधी उघडलेलं नाही. मेश्राम कोण, हे तिनं विचारलंसुद्धा नाही.